मोक्याचं गाव

लहानथोरांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की तिच्यातल्या राजांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत. एका अर्थी ते बरंच झालं. नावं विसरली तरी त्यांच्यासारखे राजे पुढेही होतच राहिले.

त्या काळी समुद्रकाठी खारोटी नावाचं एक गाव होतं. पाठीशी समुद्र, पुढ्यात खाडी, आणि खाडीपलीकडे सगळा मुलूख शेजारच्या राजाचा. खारोटी मात्र त्या शेजाऱ्याची नव्हती. ती होती डोंगरांपलीकडच्या एका दूरच्या राजाची. त्याच्या पणजीला लग्नात हे गाव चोळीबांगडीसाठी आंदण मिळालं होतं. तेव्हापासून खारोटी आपल्या राज्यापासून तुटून एकटीच पडलेली होती. राजधानीतून तिथं जायचं तर शेजाऱ्याच्या मुलखातून तरी जावं लागे, नाहीतर गलबतानं मोठा वळसा घालून. राजधानीत त्या गावाला सगळे 'पल्याड' म्हणत. पल्याड म्हणजे कुणाच्या पल्याड, असा प्रश्न तिथं कुणाला पडत नसे.

खारोटीची माणसं मीठ पिकवत आणि मासे धरत. ओहोटीला खाडीत गुडघाभर पाणी राही, तेव्हा पलीकडची माणसं बाजाराला चालत येत. मीठ घेत, भात देत. इकडच्या मुली तिकडे दिल्या होत्या, तिकडच्या इकडे आल्या होत्या. उन्हाळ्यात खारोटीच्या विहिरीला मचूळ पाणी लागे, तेव्हा पलीकडून होड्या भरून गोडं पाणी येई.

गावची पाटीलकी धुरपाच्या घरात होती. तिचा नवरा एकदा समुद्रात गेला तो परतला नाही. तेव्हापासून गाव धुरपालाच पाटलीण मानी. बाई बोलायला फटकळ, पण कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे तिला सगळ्यांच्या आधी कळे. तिची थोरली बहीण भिवरा खाडीपलीकडे दिलेली होती. दोघींची घरं एकमेकींच्या अंगणातून दिसत.

एका वर्षी उधाणानं मिठागराचा बांध फुटला. धुरपानं राजाकडे माणसं पाठवली, मदत मागितली. उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षी तापाची साथ आली. पुन्हा माणसं गेली. वैद्य आला नाही, औषध आलं नाही. गावानं मनाशी धरलं, की आपल्याला राजा आहे, पण राजाला आपण नाही.

आणि मग एक दिवस राजाला खारोटी आठवली.

झालं असं, की दोन्ही राजांचं बिनसलं. कशावरून बिनसलं ते त्यांनाही नीटसं सांगता आलं नसतं. कुणी कुणाच्या दरबारात कुणाच्या वकिलाला खालच्या आसनावर बसवलं, एवढ्यावरून सुरू झालं आणि वाढत गेलं. तेव्हा राजाचा प्रधान म्हणाला, "महाराज, पल्याड आपलं एक गाव आहे. तिथल्या टेकडीवरून शेजाऱ्याचं बंदर तोफेच्या टप्प्यात येतं. ते गाव म्हणजे त्याच्या बरगडीला टेकवलेला सुरा आहे. नुसता टेकवून ठेवायचा. मग बघा तो कसा नमतो ते."

राजा खूश झाला. गलबतं निघाली.

गलबतं दिसली तेव्हा खारोटीत आनंदीआनंद झाला. ढोल वाजले. बायकांनी पंचारती घेतली. "राजाला आपली आठवण झाली!" असं म्हणत म्हातारी माणसं डोळे पुसू लागली. गलबतांतून शिपाई उतरले, गोलंदाज उतरले, आणि मग बैलांच्या जोड्या जुंपून तोफा उतरल्या. ठाणेदार रायाजी सर्वांत शेवटी उतरला. धुरपानं त्याला ओवाळलं आणि विचारलं, "बांध दुरुस्त करायला गवंडी आणलेत का?"

रायाजीला वाटलं, बाई चेष्टा करते आहे. तो हसला.

टेकडीवर बुरूज उभा राहिला. त्याला दगड हवा होता, तो मिठागराच्या बांधाचा उपसला. दारूगोळ्याला कोठार हवं होतं, ते मिठाच्या वखारीत झालं. शत्रूचे हेर येतील म्हणून बाजार बंद झाला. त्याच कारणानं होड्या किनाऱ्याला बांधून ठेवल्या. गावातल्या गड्यांना बिगारीला धरलं आणि बायकांना पाणी वाहायला लावलं. पलीकडून पाणी येणं थांबलं होतं, म्हणून बायका वाळूत झिरे खणून वाटी वाटी पाणी जमवत आणि घडे भरून टेकडीवर नेत. शिपाई प्यायले की उरेल ते गावाचं.

हे बघून शेजारचा राजा काय करणार? तोही काही साधुसंत नव्हता. त्यानं खाडीच्या आपल्या काठावर तोफा आणल्या आणि त्यांची तोंडं खारोटीकडे वळवली. मग इकडच्या राजानं आणखी तोफा पाठवल्या. मग तिकडच्यानं आणखी. दोघेही सांगत की आम्ही फक्त सावध आहोत. आणि या दोन सावध राजांच्या मधोमध खारोटीतली पोरंबाळं झोपत होती.

धुरपा रायाजीकडे गेली. म्हणाली, "ठाणेदार, तुम्ही यायच्या आधी आमच्याकडे कुणी वाकड्या नजरेनं बघत नव्हतं. आता तिकडच्या तोफा माझ्या अंगणावर रोखलेल्या आहेत."

"म्हणून तर आम्ही तुमच्या रक्षणाला आहोत," रायाजी म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. आपण बोलतो ते त्याला खरंच वाटत होतं, आणि तीच तर खरी अडचण होती.

"तुम्ही आलात म्हणून ते आले," धुरपा म्हणाली, "आणि आता ते आलेत म्हणून तुम्ही जाणार नाही. म्हणजे आम्ही करायचं काय?"

"अभिमान बाळगायचा," रायाजी म्हणाला. "सगळ्या राज्यात आज तुमच्या गावाचं नाव गाजतंय."

अभिमानानं चूल पेटत नाही. पावसाळा सरला तेव्हा गावातल्या कणग्या रिकाम्या झाल्या होत्या. बाजार नाही म्हणून भात नाही. होड्या बांधलेल्या म्हणून मासे नाहीत. जे होतं नव्हतं त्यातला निम्मा वाटा ठाण्यावर जात होता. पोरांच्या बरगड्या दिसायला लागल्या, काही लेकरं तर गेलीच. शेजारच्या राजानं वाट रोखली होती, आणि आपल्या राजाची गलबतं यायची ती दारूगोळा घेऊन यायची.

पलीकडे भिवराला बहिणीच्या अंगणातला धूर दिसेनासा झाला. ती नवऱ्याला म्हणाली, "धुरपाच्या घरी चूल पेटत नाही." नवरा सरळ माणूस. त्यानं दोन पोती भात होडीत टाकला. लपूनछपून जावं असं त्याच्या मनातही आलं नाही. मेहुणीच्या घरी भात न्यायला लपायचं कशाला? चांगलं ऊन पडलेलं असताना, डोक्याला पांढरं मुंडासं बांधून, तो होडी वल्हवत निघाला.

बुरुजावरून पहारेकऱ्यानं ओरडून सांगितलं, "होडी येतेय!"

रायाजीनं बघितलं. शत्रूच्या काठावरून सुटलेली होडी. आत काहीतरी भरलेलं. दारूगोळा असेल. त्यानं सटवाजी नावाच्या गोलंदाजाला हुकूम केला. सटवाजी त्या सगळ्यांत तरबेज होता. त्यानं तोफेला बत्ती दिली.

एकच गोळा. होडी मधोमध फुटली. धुरपा आणि गावच्या बायका झिऱ्यांवर होत्या, त्यांनी डोळ्यांनी बघितलं. पलीकडच्या काठावरून भिवराची किंकाळी आली. भरतीनं आधी फळ्या काठाला लावल्या, मग फाटलेली पोती, आणि मग भाऊजींना. उकडा भात पाण्यावर पसरला होता आणि उपाशी पोरं तो ओंजळीनं गोळा करायला धावली होती. त्यांच्या आयांनी त्यांना मागं ओढलं, आणि मग ओढणं सोडून दिलं. काय म्हणून ओढायचं?

धुरपा रडली नाही. ती म्हणाली, "मी राजाला भेटणार."

दारूगोळा उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गलबतातून ती गेली. डोंगर चढून, उतरून राजधानीला पोचली. दरबारात राजानं तिला मोठ्या मानानं बोलावलं. पल्याडची पाटलीण आली म्हणून सगळे माना वळवून बघू लागले. राजापुढं लाकडात कोरलेला मोठा नकाशा होता. त्यात डोंगर होते, नद्या होत्या, आणि समुद्राच्या कडेला एक लालभडक माणिक बसवलेलं होतं, त्याच्याभोवती चिमुकल्या तोफा.

"बाई, हे बघ तुझं गाव," राजा म्हणाला. "माझ्या सबंध राज्यात याच्याइतकी मोलाची जागा नाही. तिथं माझ्या तोफा आहेत म्हणून शेजाऱ्याची झोप उडाली आहे. केवढा मान आहे हा तुमचा!"

धुरपा नकाशाजवळ गेली. वाकून बघू लागली.

"काय शोधतेस?"

"आमची विहीर, महाराज. घरं. मिठागरं."

प्रधान हसला. "एवढ्या मोठ्या नकाशात घरं दाखवत नाहीत, बाई."

"तोफा तर दाखवल्यात," धुरपा म्हणाली.

धुरपानं हात जोडले. "महाराज, गावात दाणा नाही. बाजार उघडा, होड्या सोडा. शेजाऱ्याशी दोन शब्द बोला. तुम्ही त्याच्या बरगडीला सुरा टेकवलाय म्हणतात. त्या सुऱ्याच्या पात्यावर आम्ही राहतो. माझे भाऊजी आम्हाला भात घेऊन येत होते. तुमच्या तोफेनं त्यांचा जीव घेतला. त्याचा न्याय करा."

राजा पुढं झुकला. "होडी चालती होती?"

"होय."

"भर खाडीत? आणि एकाच गोळ्यात लागली?"

"एकाच," धुरपा म्हणाली. तिला वाटलं, आता महाराजांना वाईट वाटणार.

राजा प्रधानाकडे वळला. त्याचे डोळे चमकत होते. "बघितलंत? त्या गोलंदाजाला सोन्याचं कडं पाठवा."

धुरपाच्या अंगाची लाही लाही झाली. एवढ्या मोठ्या दरबारात एकाही माणसाची मान खाली गेली नाही, हे तिनं बघितलं. मग तिनं जोडलेले हात सोडले आणि राजाला पाठ दाखवून ती बाहेर पडली.

परतीच्या गलबतात दारूची पिंपं होती, गोळे होते, आणि रेशमी फडक्यात गुंडाळलेलं सोन्याचं कडं होतं. धान्याचं एक पोतंसुद्धा नव्हतं.

टेकडीवर शिंग फुंकून सटवाजीला कडं देण्यात आलं. दुसऱ्या दिवशी तो धुरपाच्या दारात येऊन उभा राहिला. कडं मनगटात नव्हतं, मुठीत होतं.

"पाटलीणबाई," तो म्हणाला, "मला हुकूम होता."

"हुकूम राजाचा होता," धुरपा म्हणाली, "पण बत्ती तुझ्या हातात होती. माझ्या दारात उभा राहू नकोस." तिनं दार लावून घेतलं.

मग तिनं गाव गोळा केलं.

"राजाला आपण दिसत नाही," तिनं सांगितलं. "मी जाऊन बघून आले. त्याला टेकडी दिसते. आपण इथं मेलो तरी त्याला टेकडी दिसेल. मी भिवराआक्काकडे चाललेय, खाडी ओलांडून. ज्याला यायचंय त्यानं यावं."

"बापजाद्यांची जमीन टाकून?" एक म्हातारा कळवळून म्हणाला.

"बापजाद्यांनी जमीन आपल्याला जगायला दिली, दादा. या बुरुजाला पाणी वाहायला नाही."

"पण दोन्हीकडच्या तोफा आहेत. भाजून काढतील."

"काढतील कदाचित," धुरपा म्हणाली. खोटा धीर देणं तिला जमत नसे. "पण इथं राहिलो तर नक्कीच मरू, तेही हळूहळू. आणि त्यांच्या घड्याला खांदा देऊन."

मग एक बाई उठली आणि घरी जाऊन गाडगीमडकी बांधायला लागली. तिच्या मागून दुसरी उठली.

सकाळी ओहोटी लागली. ऊन स्वच्छ पडलं होतं. खारोटीची सगळी माणसं खाडीत उतरली. म्हातारी माणसं पाठुंगळीला, लेकरं कडेवर, डोक्यावर बोचकी. सगळ्यांच्या पुढं धुरपा. चिखल मांडीपर्यंत येत होता. कुणी पळत नव्हतं. पळणं शक्यच नव्हतं.

रायाजी बुरुजावर धावला. "थांबा! परत फिरा!" तो ओरडला. कुणी थांबलं नाही. "राजद्रोह आहे हा! सटवाजी, तोफ भर!"

सटवाजीनं तोफ भरली.

"बत्ती दे!"

सटवाजीच्या हातात पेटती बत्ती होती. खाली खाडीत माणसांची रांग होती, आणि तिच्यात ती सगळी माणसं होती ज्यांनी त्याला आजवर पाणी पाजलं होतं. तो बघत राहिला. मग त्यानं बत्ती शेजारच्या पाण्याच्या घड्यात बुडवली. चर्र आवाज झाला.

"तूच दे, ठाणेदार," तो म्हणाला. "मला नाही जमत आता."

रायाजीनं दुसऱ्या गोलंदाजाकडे बघितलं. त्यानं नजर टाळली. तिसरा आधीच भिंतीला टेकून बसला होता.

पण पलीकडचा काठ बाकी होता. तिकडच्या नायकानं एवढी माणसं येताना बघितली आणि त्यालाही वाटलं, हा शत्रूचा डाव आहे. त्यानंही तोफा भरायला लावल्या. तेवढ्यात भिवरा धावत आली. कुंकू पुसलेलं कपाळ घेऊन ती तोफेच्या तोंडासमोर उभी राहिली. "माझा माणूस तिकडच्या तोफेनं गेला," ती म्हणाली. "माझी बहीण तुमच्या तोफेनं जाणार असेल तर आधी मला उडवा." तिच्या मागून गावच्या बायका आल्या आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. नायकाच्या गोलंदाजांतल्या एकाची आई त्यांत होती. तोफा भरल्या तशाच राहिल्या.

धुरपा चिखलातून वर आली. दोघी बहिणींनी एकमेकींना मिठी मारली, आणि तेव्हा कुठं धुरपा रडली. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर आलं.

इकडे खारोटीत उरलं फक्त ठाणं. पाणी कोण आणणार? शिपायांना झिरे खणता येत नव्हते, खणले तर खारं पाणी लागे. मासे धरणारं कुणी नव्हतं. गलबत वेळेवर आलं नाही. आलं तेव्हा त्यात आणखी गोळे होते. शिपाई एकेक करून निघून गेले. सटवाजी तर पहिल्याच दिवशी निघून गेला होता, आणि कडं बुरुजावर ठेवून गेला होता. शेवटी रायाजी उरलेल्या चारदोन माणसांसह गलबतात चढला. ज्या जागेसाठी राजानं एवढा खजिना ओतला, ती शत्रूनं एकही गोळा न डागता त्याच्या हातून गेली.

दूरच्या राजानं नकाशातलं माणिक उपटून फेकून दिलं आणि प्रधानाला घालवलं. माणसांबद्दल त्यानं तेव्हाही विचारलं नाही.

मग शेजारचा राजा मोठ्या थाटात खारोटीच्या टेकडीवर गेला. चहूकडे बघितलं आणि म्हणाला, "काय मोक्याची जागा आहे! इथं माझ्या तोफा ठेवतो. त्या खारोटीच्या लोकांना बोलवा. त्यांनी आता खुशाल परत यावं, मी त्यांचं रक्षण करीन."

धुरपाला निरोप मिळाला तेव्हा ती भात सडत होती. तिचा संताप उसळला. "यालाही टेकडीच दिसली!" ती जासुदाला म्हणाली. "सांग तुझ्या राजाला, तोफा ठेवायच्या तर पाणीही तूच वाहा. आमच्यातलं कुणी येणार नाही." आणि खरोखरच कुणी गेलं नाही. शिक्षेची धमकी आली, तरी गेलं नाही. भिवराच्या गावानं त्यांना घरात घेतलं होतं आणि ते गाव त्यांच्या पुढं उभं होतं.

बांधाचा दगड बुरुजात गेलेला. डागडुजी करायला माणूस नाही. पुढच्या उधाणात उरलेला बांध वाहून गेला. मिठागरात, वखारीत, विहिरीत समुद्र शिरला. दारू भिजली. टेकडीभोवती नुसता चिखल उरला. शेजारच्या राजाचे शिपाईही तिथं टिकेनात. दोन पावसाळे त्यानं हट्ट धरला, मग कंटाळला आणि तोफा काढून नेल्या. दोन्ही दरबारांत खारोटीचं नाव निघेनासं झालं.

आता ते गाव कोणत्याच राजाला महत्त्वाचं राहिलं नव्हतं. तेव्हा धुरपा माणसं घेऊन खाडी ओलांडून परत गेली. भिवरा बरोबर आली, पलीकडचे गवंडी आले. त्यांनी बुरूज पाडला आणि त्याच दगडांनी बांध घातला. विहीर उपसायला फार दिवस लागले. पहिलं मीठ काढायला तर त्याहून जास्त. भाऊजी काही परत आले नाहीत, आणि त्या उपासात गेलेली लेकरंही नाहीत. त्यांचा जाब ना या राजानं दिला, ना त्या राजानं. धुरपा मरेपर्यंत तो मागत राहिली, ज्याला त्याला मागत राहिली, आणि कुणी गप्प बसायला सांगितलं तर आणखी मोठ्यानं मागत राहिली.

तात्पर्य : ज्या राजाला आपल्या गावात माणसं न दिसता नुसती मोक्याची जागा दिसते, तो आधी माणसं गमावतो आणि मग जागाही.